जुन्या घडीच्या चाकूंची दुरुस्ती

घडीच्या चाकूंची दुरुस्ती म्हणजे पाते मुठीत मिटवून खिशात ठेवता येणाऱ्या जुन्या चाकूंचा गंज काढणे, ढिला किंवा जाम झालेला सांधा ठीक करणे, धार लावणे, फुटलेली मूठ बदलणे आणि गरजेनुसार चाकूच्या रचनेत फेरफार करणे ही कामे होत. पूर्वी ही कामे चाकू बनवणारे कारागीर करीत. आज ती छंद म्हणून घरीही केली जातात. कानस, हलकी हातोडी, लोखंडाचा सपाट ठोकळा, धार लावण्याचे दगड, पॉलिश पेपर आणि तेल एवढ्या साधनांवर यांतील बरीच कामे होतात.

घासून काढलेले पोलाद पात्यावर परत येत नाही, तापून उतरलेले पाणी घरच्या साधनांनी पुन्हा चढवणे अवघड असते आणि पुसली गेलेली निर्मात्याची खूण कायमची जाते. म्हणून पूर्ववत करता येण्यासारखी कामे आधी आणि न उलटणारी कामे शेवटी, तीही गरजेपुरती, असा क्रम या दुरुस्तीत पाळला जातो.

## इतिहास

घडीचा चाकू प्राचीन आहे. ऑस्ट्रियातील हालस्टाट येथे सापडलेला हाडाच्या मुठीचा घडीचा चाकू इ.स.पू. ६०० ते ५०० या काळातील मानला जातो. रोमन साम्राज्यातही असे चाकू वापरात होते. या सुरुवातीच्या चाकूंना स्प्रिंग नसे. पाते केवळ रिव्हेटभोवतीच्या घर्षणाने उघडे राही. मुठीच्या पाठीत पोलादी स्प्रिंग बसवण्याची पद्धत सतराव्या शतकात इंग्लंडमधील शेफील्ड येथे रुळली. जुन्या चाकूंच्या दुरुस्तीत हाच प्रकार सर्वाधिक आढळतो.

शेफील्डमध्ये चाकू तयार करण्याचे काम तीन प्रकारच्या कारागिरांत विभागलेले होते. एक जण भट्टीवर पाते घडवी, दुसरा ते फिरत्या दगडावर घासून आकारास आणी आणि तिसरा सर्व भाग जुळवून रिव्हेट ठोकी. घरी दुरुस्ती करणाऱ्यास या तिन्ही कामांशी थोडीफार ओळख करून घ्यावी लागते. शेफील्डमधील कारागिरांच्या खुणांची नोंद ठेवणारी 'कंपनी ऑफ कटलर्स इन हॅलमशायर' ही संस्था १६२४ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झाली. जर्मनीतील सोलिंगेन, फ्रान्समधील तिएर आणि जपानमधील मिकी ही चाकूंच्या उत्पादनाची इतर प्रसिद्ध केंद्रे होत. 'सोलिंगेन' या नावाला १९३८ पासून कायद्याचे संरक्षण आहे.

फ्रान्सच्या सावोआ प्रांतातील जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये लाकडी मुठीचा साधा घडीचा चाकू तयार केला. स्वित्झर्लंडमधील कार्ल एल्सनर यांनी १२ जून १८९७ रोजी अधिकाऱ्यांसाठीच्या बहुउपयोगी चाकूची नोंदणी केली. स्विस आर्मी चाकू त्यातूनच पुढे आला. शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये गंजरोधक पोलाद तयार केले. त्यापूर्वीचे चाकू साध्या कार्बन पोलादाचे असल्याने जुन्या चाकूंत गंज हा सर्वांत नेहमीचा दोष आढळतो.

भारतात उत्तर प्रदेशातील रामपूर येथील घडीचा चाकू 'रामपुरी' या नावाने ओळखला जातो. शस्त्रांना धार व झिलई देणाऱ्या कारागिरांना शिकलगार म्हणत. झिलई या अर्थाच्या अरबी 'सैकल' या शब्दाशी हे नाव निगडित आहे. महाराष्ट्रात शिकलगार हे आडनाव आजही आढळते. सायकलला जोडलेला शाणेचा दगड पायाने फिरवून घरोघरच्या विळ्या, कात्र्या व सुऱ्यांना धार लावणारे धारवाले हे या व्यवसायाचे अलीकडचे रूप होय.

## रचना

पाठीला स्प्रिंग असलेल्या घडीच्या चाकूचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे असतात.

* पाते: धार असलेला भाग. पाते नखाने उघडता यावे म्हणून त्याच्या वरच्या काठाजवळ एक खाच असते.
* बूड: पात्याचा मागचा, धार नसलेला जाड भाग. यातूनच सांध्याचा रिव्हेट जातो. निर्मात्याची खूण बहुधा बुडावर ठसवलेली असते. कारागीर यास 'टँग' असेही म्हणतात.
* किक: बुडाच्या खालच्या काठावरील लहान उंचवटा. चाकू मिटल्यावर हा उंचवटा स्प्रिंगवर टेकतो आणि पात्याची धार स्प्रिंगवर आपटत नाही.
* पाठीची स्प्रिंग: मुठीच्या पाठीतील पोलादी पट्टी. ती बुडावर सतत दाब देते. या दाबामुळेच पाते उघड्या व मिटलेल्या स्थितीत टिकते.
* अस्तराचे पत्रे: मुठीच्या आतील दोन पातळ पत्रे, बहुधा पितळेचे.
* बोल्स्टर: सांध्याभोवती मुठीच्या दोन्ही बाजूंना असलेले धातूचे ठोकळे. ते बहुधा जर्मन सिल्व्हरचे असतात. जर्मन सिल्व्हर हा तांबे, निकेल व जस्त यांचा मिश्रधातू असून त्यात चांदी नसते.
* मुठीच्या पट्ट्या: लाकूड, हाड, शिंग, शिंपला, सेल्युलॉइड किंवा प्लॅस्टिक यांच्या बाहेरील पट्ट्या.

हे सर्व भाग रिव्हेटने जोडलेले असतात. सांध्याचा रिव्हेट बोल्स्टरच्याच धातूचा असून ठोकल्यानंतर तो घासून सपाट केला जातो, त्यामुळे चांगल्या चाकूत तो डोळ्यांना दिसत नाही. स्क्रू नसल्याने असा चाकू सुटा करायचा तर रिव्हेट नष्ट करावे लागतात. म्हणून शक्य तेवढी दुरुस्ती चाकू न उघडता करणे हा या कामातील पहिला संकेत आहे.

सर्वच चाकूंची रचना अशी नसते. ओपिनेल चाकूत स्प्रिंग व अस्तराचे पत्रे नसतात. अखंड लाकडी मुठीला पाडलेल्या फटीत पाते बसते आणि १९५५ पासून सांध्याभोवती फिरणारे कुलूपकडे बसवलेले असते. जपानमधील हिगोनोकामी हा चाकू दुमडलेल्या पत्र्याची मूठ, पाते आणि एक रिव्हेट एवढ्यावरच उभा असतो. रचना साधी असल्याने हे दोन्ही चाकू शिकाऊ व्यक्तीस सोपे जातात.

## तपासणी

दुरुस्तीपूर्वी चाकूची ओळख पटवणे आवश्यक असते. बुडावरील ठसा भिंगातून पाहून निर्माता, देश व शक्य तर काळ ठरवला जातो. अमेरिकेत आयात होणाऱ्या मालावर उत्पादक देशाचे नाव असावे असे बंधन १८९० च्या मॅकिन्ले जकात कायद्याने घातले. त्यामुळे 'इंग्लंड' किंवा 'जर्मनी' असा ठसा असलेले चाकू सामान्यतः त्यानंतरचे समजले जातात. अमेरिकेतील केस या कंपनीने १९७० साली आपल्या खुणेखाली दहा ठिपके ठसवले आणि पुढे दर वर्षी एक ठिपका कमी केला. ठिपक्यांवरून अशा चाकूचे वर्ष कळते. मात्र बुडाला दिलेली जोरकस झिलई हा पुरावा काही मिनिटांत पुसून टाकू शकते.

त्यानंतर पुढील गोष्टी पाहिल्या जातात.

* पाते उघडे असताना डावीकडे-उजवीकडे किंवा वर-खाली हलते का
* पाते उघडताना व मिटताना स्प्रिंगचा स्पष्ट आवाज येतो का
* चाकू मिटल्यावर पात्याचे टोक मुठीबाहेर राहते का
* पाते मिटताना अस्तराच्या पत्र्याला घासते का
* स्प्रिंगला, मुठीला किंवा रिव्हेटभोवती तडा आहे का
* वारंवार धार लावल्याने पाते मूळ रुंदीपेक्षा किती झिजले आहे

मूठ सेल्युलॉइडची असल्यास विशेष काळजी घ्यावी लागते. सेल्युलॉइड हे नायट्रोसेल्युलोज व कापूर यांपासून बनते आणि अत्यंत ज्वालाग्राही असते. जुने होऊन विघटन पावू लागले की त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात आणि ओलाव्याशी मिळून आम्ल तयार होते. या वाफेने त्याच चाकूचे नव्हे तर त्याच डब्यातील इतर चाकूंचेही पाते गंजते. विघटन थांबवण्याचा उपाय नसल्याने असा चाकू वेगळ्या, हवेशीर जागी ठेवला जातो.

## गंज काढणे

गंज व पोलादावरील संरक्षक थर यांत फरक करणे ही स्वच्छतेची पहिली पायरी होय. तांबूस, भुसभुशीत गंज ओलावा धरून ठेवतो व पोलाद खात राहतो. याउलट फळे-भाज्या कापून वर्षानुवर्षांत आलेली करडी-काळसर छटा घट्ट चिकटलेली असते आणि पुढील गंजाचा वेग काही प्रमाणात कमी करते. पहिला काढायचा व दुसरी राखायची, हा सर्वमान्य नियम आहे. काळपट पाते आरशासारखे चकचकीत केल्याने चाकूचे वय दाखवणारी खूण जाते आणि पात्याची जाडीही थोडी कमी होते.

चाकू प्रथम कोमट साबणपाण्यात मऊ ब्रशने धुतात. सांध्यात व स्प्रिंगच्या खोबणीत साचलेला कचरा लाकडी काडीने काढतात. नंतर चाकू पूर्ण कोरडा करून सांध्यात पातळ तेल सोडतात. हाडाची किंवा शिंगाची मूठ पाण्यात भिजत ठेवल्यास वाकते व तडकते, म्हणून धुण्याचे काम थोडक्यात उरकले जाते.

वरवरचा गंज तेल लावून अतिशय बारीक स्टील वूलने निघतो. जाड पापुद्रे तांब्या-पितळेच्या पट्टीने खरवडले जातात. पितळ पोलादापेक्षा मऊ असल्याने पात्यावर ओरखडे पडत नाहीत. गंज खोल असल्यास ८०० किंवा त्याहून बारीक क्रमांकाचा पॉलिश पेपर सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळून पात्याच्या एकाच दिशेने फिरवतात. नुसत्या बोटाने घासल्यास पात्याच्या कडा गोलावतात व ठसा पुसट होतो. गंजाने पडलेले खड्डे समूळ घालवण्याचा प्रयत्न सहसा केला जात नाही, कारण त्यासाठी सर्वांत खोल खड्ड्याएवढे पोलाद संपूर्ण पात्यावरून काढावे लागते.

व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्लाच्या द्रावणाने गंज विरघळतो, तथापि ही पद्धत सुट्या पात्यापुरतीच मर्यादित ठेवली जाते. आम्ल गंजाबरोबर पोलादही खाते, पितळातील जस्त काढून घेऊन त्यास गुलाबी छटा आणते आणि हाड, शिंग व शिंपला यांतील कॅल्शियमची संयुगे विरघळवते. आम्लात ठेवलेले पाते थोड्या-थोड्या वेळाने बाहेर काढून पाहतात. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, लगेच कोरडे करून त्यास तेल लावतात.

## सांध्याची दुरुस्ती

### जाम झालेला सांधा

न उघडणारे पाते पकडीने ओढल्यास नखाची खाच तुटते किंवा पाते मोडते. म्हणून सांध्यात केरोसीन किंवा पातळ तेल सोडून चाकू काही तास, प्रसंगी काही दिवस तसाच ठेवला जातो. नंतर पाते थोडे-थोडे हलवून पुन्हा तेल सोडतात. सांध्यातून काळपट तेल येणे थांबेपर्यंत ही क्रिया करतात. कित्येक चाकू एवढ्यानेच पूर्ववत चालू लागतात.

### ढिला सांधा

पाते बाजूंना हलत असल्यास सांध्याचा रिव्हेट घट्ट करावा लागतो. एक बोल्स्टर गुळगुळीत पोलादी ठोकळ्यावर टेकवून दुसऱ्या बोल्स्टरवर, रिव्हेट असेल त्या जागी, गोल तोंडाच्या हलक्या हातोडीने छोटे ठोके देतात. ठोक्यांनी रिव्हेट पसरतो आणि दोन्ही बाजू जवळ येतात. दर दोन-तीन ठोक्यांनंतर पाते उघडून-मिटवून पाहिले जाते, कारण अति घट्ट झालेला सांधा सैल करणे हे ढिला सांधा घट्ट करण्यापेक्षा अवघड असते. हा धोका टाळण्यासाठी काही कारागीर पाते व पत्रा यांच्यामध्ये सुमारे ०.०५ मिलिमीटर जाडीची धातूची चकती सरकवून ठोकतात आणि नंतर ती काढून घेतात. तेवढीच फट चालनासाठी शिल्लक राहते. ठोका मुठीच्या पट्टीवर पडल्यास हाड किंवा शिंपला तत्काळ फुटतो. ठोक्यांच्या खुणा अखेरीस बारीक पॉलिश पेपरने काढल्या जातात.

पाते वर-खाली हलत असेल तर दोष बहुधा रिव्हेटचा नसतो. बूड किंवा स्प्रिंगचे टोक झिजल्याने ती दोन्ही एकमेकांस नीट भिडत नाहीत. अशा वेळी ठोकून उपयोग होत नाही. चाकू सुटा करून भाग नव्याने जुळवावे लागतात.

### मुठीबाहेर राहणारे टोक

पाते किक व स्प्रिंग यांच्या आधारे मिटते, म्हणून किक कानशीने किंचित कमी केल्यास पाते मुठीत अधिक खोल जाते व उघडे राहिलेले टोक झाकले जाते. ही दुरुस्ती सोपी असली तरी उलटवता येत नाही. किक प्रमाणाबाहेर घासली गेली तर पाते मिटताना धार स्प्रिंगवर आदळते आणि प्रत्येक वेळी बोथट होते. त्यामुळे कानशीचे दोन-तीन हात मारून, चाकू मिटवून, पुन्हा तपासणे ही रीत आहे.

### तुटलेली स्प्रिंग

तुटलेली स्प्रिंग सांधता येत नाही. डाग किंवा वेल्डिंगच्या उष्णतेने तिचा लवचीकपणा जातो. नवी स्प्रिंग कार्बन पोलादाच्या पट्टीतून जुन्या स्प्रिंगबरहुकूम कापून, भोके पाडून, पाणी देऊन व नंतर निळा रंग येईपर्यंत पुन्हा तापवून तयार करतात. हे काम घरगुती दुरुस्तीतील सर्वांत अवघड कामांपैकी आहे. त्याच नमुन्याच्या मोडक्या चाकूची स्प्रिंग काढून वापरणे हा तुलनेने सोपा मार्ग होय.

## धार व पाणी

पोलाद लालबुंद तापवून पाण्यात किंवा तेलात विझवले की ते कठीण पण ठिसूळ होते. यास 'पाणी देणे' म्हणतात. त्यानंतर ते मंद आचेवर पुन्हा तापवून ठिसूळपणा कमी केला जातो. साफ केलेल्या कार्बन पोलादावर या तापमानानुसार रंग चढतात. सुमारे २०५ ते २२५ अंश सेल्सिअसला फिकट पिवळा, २६० अंशांच्या आसपास तपकिरी व २९० ते ३०० अंशांना निळा रंग येतो. पात्यास पिवळ्या छटेपर्यंतची आच पुरते, तर स्प्रिंगला निळ्यापर्यंतची लागते.

या गुणधर्मामुळे जुन्या चाकूंचे बरेचसे नुकसान विजेच्या शाणेवर होते. वेगाने फिरणाऱ्या दगडावर धारेचा पातळ काठ क्षणार्धात ३०० अंशांच्या पुढे जातो. काठावर निळी छटा दिसली की तेथील पाणी उतरलेले असते. असा भाग मऊ पडतो आणि कितीही धार लावली तरी टिकत नाही. तो भाग संपूर्ण घासून काढल्याखेरीज दोष जात नाही. म्हणून जुन्या पात्याला हातानेच दगडावर धार लावणे श्रेयस्कर मानतात. यंत्र वापरायचेच झाल्यास पाते उघड्या बोटांनी धरून दर एक-दोन फेऱ्यांनंतर पाण्यात बुडवले जाते. बोटांना चटका बसण्याइतके ते तापू देत नाहीत.

धार लावताना पाते दगडाशी साधारण १५ ते २० अंशांचा कोन करून धरतात. बोथट पात्यासाठी ४०० च्या आसपासचा खरखरीत दगड, नंतर १००० चा मध्यम व ३००० किंवा त्यापुढील बारीक दगड असा क्रम असतो. एका बाजूने पुरेसे घासले की विरुद्ध बाजूच्या काठावर धातूचा अतिशय बारीक ओठ उमटतो व तो बोटाच्या पेराला जाणवतो. हा ओठ संपूर्ण काठावर आल्याखेरीज बाजू बदलत नाहीत. शेवटी, न्हावी वस्तरा पट्ट्यावर फिरवतात त्याप्रमाणे, पाते चामड्याच्या पट्ट्यावर धारेच्या उलट दिशेने फिरवून हा ओठ काढला जातो.

टोक मोडलेल्या पात्याला नवे टोक देताना धारेच्या बाजूने न घासता पाठीच्या बाजूने घासतात. असे केल्याने नवे टोक खाली येते आणि चाकू मिटल्यावर मुठीच्या आत राहते. धारेची मूळ लांबीही फारशी कमी होत नाही.

## मुठीची दुरुस्ती

लाकडी मुठीतील बारीक तडे पातळ सुपरग्लूने भरतात. सुकलेल्या लाकडाला जवसाचे तेल व मेण लावल्याने ते पुन्हा टवटवीत दिसते. हाडाच्या मुठीला अत्यल्प तेल पुरते. जास्त तेलाने हाड पिवळे पडते.

पट्टी फुटून तुकडे हरवले असल्यास ती बदलावी लागते. रिव्हेटचे डोके कानशीने सपाट करून रिव्हेट पंचाने बाहेर काढतात. जुनी पट्टी साचा म्हणून वापरून नव्या साहित्यावर आकार आखतात, पट्टी थोडी मोठी कापतात व अस्तराच्या पत्र्याच्या भोकांतूनच नव्या पट्टीला भोके पाडतात. पट्टी एपॉक्सीने चिकटवून साधारण १.६ मिलिमीटर जाडीच्या पितळी किंवा जर्मन सिल्व्हरच्या तारेचे रिव्हेट बसवले जातात. भोकाच्या तोंडाशी किंचित उतार दिल्यास ठोकलेला रिव्हेट त्यात पसरून पट्टी धरून ठेवतो. हाडाला व शिंपल्याला रिव्हेटचा दाब सोसत नाही. भोक तंग असल्यास शेवटच्या ठोक्याला पट्टी तडकते. त्यामुळे भोक तारेपेक्षा अंशभर मोठे ठेवले जाते.

युरोप व अमेरिकेतील अनेक जुन्या चाकूंच्या मुठी भारतातून गेलेल्या सांबराच्या शिंगाच्या आहेत. हे शिंग जवळजवळ भरीव असून त्याच्या खडबडीत पृष्ठामुळे पकड चांगली बसते. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये सांबराचे शिंग व हस्तिदंत यांच्या व्यापारावर निर्बंध आहेत. त्यामुळे येथील दुरुस्तीत शिसवासारखे लाकूड, म्हशीचे शिंग, गुरांचे हाड किंवा मायकार्टासारखे कृत्रिम साहित्य वापरले जाते.

## बदल

मूळ स्थिती परत आणणे ही दुरुस्ती, तर मुळात नसलेले वैशिष्ट्य आणणे हा बदल होय. नेहमी केले जाणारे बदल असे:

* मुठीच्या काठाला अर्धगोल खाच पाडणे, जेणेकरून पाते नखाऐवजी बोटांच्या चिमटीत धरून उघडता येते. नखे कमजोर असलेल्या वृद्धांना हा बदल उपयोगी पडतो.
* मुठीच्या टोकाला दोरी ओवण्यासाठी भोक पाडणे.
* रिव्हेटऐवजी स्क्रू बसवणे. यामुळे पुढील दुरुस्तीसाठी चाकू सहज सुटा करता येतो.
* झिजून अरुंद झालेले पाते घासून त्यास दुसऱ्या कामाचा आकार देणे, उदाहरणार्थ कलम बांधण्यासाठी सरळ धार.
* मुठीच्या पट्ट्या वेगळ्या रंगाच्या किंवा साहित्याच्या बसवणे.

शेवटचा बदल स्विस आर्मी चाकूत विशेष सोपा असतो. व्हिक्टोरिनॉक्सच्या ९१ मिलिमीटर लांबीच्या अनेक चाकूंत प्लॅस्टिकच्या पट्ट्या रिव्हेटच्या फुगीर टोकांवर केवळ दाबून बसवलेल्या असतात. पातळ पात्याने उचकटून त्या काढता येतात व नव्या दाबून बसवता येतात. आतील अवजारे बदलण्यासाठी मात्र पितळी रिव्हेट कापावे लागतात.

ओपिनेल चाकूचे लाकूड पावसाळी हवेत फुगते आणि पाते फटीत अडकते. मुठीचे मागचे टोक टेबलावर आपटून पाते बाहेर काढण्याची सावोआतील जुनी रीत प्रसिद्ध आहे. कायमचा उपाय म्हणून फट पॉलिश पेपरने किंचित रुंद करून आतील लाकडाला जवसाचे तेल किंवा मेण पाजले जाते. मूठ अखंड लाकडाची असल्याने ती तासून हाताला बसेल असा आकारही दिला जातो.

संग्राहकांच्या दृष्टीने बदल केलेल्या चाकूचे मूल्य सहसा घटते. दुर्मीळ किंवा न वापरलेल्या चाकूला केवळ तेल लावून ठेवणे पसंत केले जाते, तर रोजच्या वापरातील, मोठ्या संख्येने उपलब्ध असलेल्या चाकूवर बदल करण्यास हरकत मानत नाहीत. नवे भाग बसवलेला चाकू विकताना तसे सांगणे हा संग्राहकांतील शिष्टाचार आहे. मूळचे काढलेले भाग जपून ठेवल्यास पुढील मालकास चाकू पूर्वस्थितीत आणणे शक्य होते.

## सुरक्षितता

सांध्यावर किंवा मुठीवर काम चालू असताना पात्याच्या धारेवर जाड चिकटपट्टी लावतात. स्प्रिंगच्या जोराने अचानक मिटणारे पाते हे जखमेचे नेहमीचे कारण असते. झिलई देणाऱ्या विजेच्या चाकात पाते अडकल्यास ते वेगाने फेकले जाते, म्हणून पात्याची धार चाकाच्या फिरण्याच्या विरुद्ध कधीही धरत नाहीत. हाड, शिंपला व काही लाकडे यांची धूळ फुप्फुसांस अपायकारक असल्याने मुखपट्टी वापरतात आणि शक्य तेथे ओले घासतात. सेल्युलॉइडच्या मुठीजवळ ज्योत, सोल्डरिंग किंवा ठिणग्या उडवणारे यंत्र वापरले जात नाही.

## कायदेशीर बाजू

दुरुस्तीने चाकूची कायदेशीर स्थिती बदलत नाही. बदलाने ती बदलू शकते. भारतातील शस्त्र नियमांनुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या पाचव्या वर्गात मोडतात. घरगुती, शेतकी, शास्त्रीय व औद्योगिक वापरासाठी बनवलेले चाकू त्यातून वगळलेले आहेत. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ अन्वये ठरावीक काळासाठी व क्षेत्रासाठी सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगण्यास मनाई करणारे आदेश काढता येतात. विमानाच्या प्रवासी कक्षात घडीचा चाकू नेता येत नाही.

ब्रिटनमध्ये बटण दाबताच उघडणाऱ्या चाकूंच्या निर्मितीवर व विक्रीवर १९५९ च्या कायद्याने बंदी आली. तेथील १९८८ च्या फौजदारी न्याय कायद्यानुसार ३ इंचांपर्यंत धारेचा, कुलूप नसलेला घडीचा चाकू सार्वजनिक ठिकाणी सबळ कारणाशिवायही बाळगता येतो. त्याच चाकूला उघड्या स्थितीत टिकवणारे कुलूप बसवल्यास ही सवलत राहत नाही. अमेरिकेत बटणाच्या चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर १९५८ च्या संघीय कायद्याने निर्बंध घातले. साध्या चाकूत स्वयंचलित स्प्रिंग किंवा कुलूप बसवणे हे यांत्रिकदृष्ट्या लहान काम असले, तरी त्यामुळे तो चाकू कायद्याच्या वेगळ्या प्रकारात जातो.

## देखभाल

दुरुस्त केलेला चाकू वापरानंतर पुसून कोरडा केला जातो व सांध्यात अधूनमधून थेंबभर तेल सोडले जाते. अन्नासाठी वापरायच्या चाकूला खाद्योपयोगी खनिज तेल लावतात. स्वयंपाकाचे तेल कालांतराने चिकट होऊन सांधा जाम करते. चामड्याच्या म्यानात चाकू दीर्घकाळ ठेवत नाहीत, कारण कमावलेल्या चामड्यातील आम्ले व ओलावा पितळ व पोलाद यांस गंजवतात. कोकणासारख्या दमट हवेत कार्बन पोलादाच्या पात्यावर मेणाचा पातळ थर देऊन चाकू कोरड्या कापडात गुंडाळून ठेवणे उपयुक्त ठरते.